खाटेपाशी कोण जागणार?

चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनप्रदेशात अत्यवस्थ रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असते ती परिचारिका. तिला अतिदक्षतेचे पदव्युत्तर शिक्षण, अधिकार आणि पद मिळणे हा या भागातील प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम होतो. निसर्गप्रेमींना मोहविणारे हे स्थान पावसाळ्यात मात्र रुग्णाच्या नातेवाइकांची कठोर परीक्षा घेते. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद पडावा आणि तालुक्याचा उर्वरित जगाशी संपर्क तुटावा, हे येथील लोकांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. पूर नसतानाही अंतर काही कमी होत नाही. भामरागडहून आलापल्ली, तेथून गडचिरोली आणि पुढे नागपूर असा प्रवास तीनशे किलोमीटरांहून अधिक होतो.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे अवघी ७४ माणसे. चंद्रपूरची लोकसंख्या त्याच जनगणनेत २२,०४,३०७ होती; परंतु तेथेही जिवतीचा डोंगराळ भाग आणि ताडोबाभोवतालची गावे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून मनाने आणि रस्त्याने दूरच आहेत. विरळ वस्ती, घनदाट अरण्य आणि लांबचे रस्ते असा हा प्रदेश. येथे प्रत्येक तालुक्याला अतिदक्षता तज्ज्ञ मिळणे नजीकच्या काळात संभवत नाही. मग रुग्ण अत्यवस्थ होतो तेव्हा त्याच्या खाटेपाशी नेमके कोण असते? उत्तर साधे आहे: परिचारिका. म्हणूनच तिला किती शिकविले आहे आणि काय करण्याची मुभा दिली आहे, यावर अनेकदा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.

शरीराचे घड्याळ थांबत नाही

या दोन जिल्ह्यांत माणूस अत्यवस्थ होण्याची कारणे शहरापेक्षा काहीशी निराळी आहेत. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीचा असतो. त्यातील फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचला तर सकाळी तापाने फणफणलेले मूल सायंकाळपर्यंत बेशुद्ध होऊ शकते. शेतात, मोहफुले वा तेंदूपाने वेचताना, अथवा रात्री जमिनीवर झोपलेले असताना सर्पदंश होतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते आणि श्वास थांबवते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यातील बहुतेक ग्रामीण भागातील.

याखेरीज सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांना एकाएकी छातीत असह्य वेदना होतात, प्राणवायूची पातळी घसरते. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेली माता आहे. उपचार न मिळाल्यास दोन तासांतही तिचा मृत्यू ओढवू शकतो. जन्मतः न रडलेले बाळ आहे. त्याच्यासाठी तर पहिले एक मिनिटच निर्णायक ठरते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा उष्माघाताने भ्रमिष्ट झालेला मजूर आहे आणि वन्य प्राण्याच्या हल्ल्यात रक्तबंबाळ झालेला गुराखीही आहे.

या सर्वांना अखेरीस मोठ्या रुग्णालयाची गरज लागेल, हे खरे. परंतु तेथे ते जिवंत पोहोचतील की नाही, हे पहिल्या काही तासांत ठरते. मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास मंदावला असताना कोणी हाती धरायच्या श्वासपिशवीने वाटभर श्वास देत राहिले तर तो वाचतो. मेंदूच्या हिवतापात आर्टेसुनेटचे पहिले इंजेक्शन वेळेवर मिळाले आणि रक्तातील साखर घसरू दिली नाही तर मूल वाचते. ही कामे अवघड आहेत. परंतु ती शिकता येतात, शिकविता येतात आणि त्यांसाठी प्रत्येक वेळी विशेषज्ञच हजर असला पाहिजे असे नाही.

अतिदक्षतेचा खरा अर्थ

अतिदक्षता विभाग म्हटला की यंत्रे, नळ्या आणि लुकलुकणारे पडदे डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः ‘अतिदक्षता’ हा शब्दच आपल्याला त्या विभागाचे मर्म सांगतो. सतत जागे राहून पाहणे, बदल वेळीच ओळखणे आणि ताबडतोब कृती करणे ही ती दक्षता.

या शास्त्राचा जन्मही मोठा बोलका आहे. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडून रुग्ण गुदमरू लागले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हाताने श्वास देण्याचा उपाय सुचविला. पिशवी दाबणारे हात मात्र हजारो तास हवे होते. ते सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी दिले. त्यांनी आळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम तेथे झाला असे मानतात. ज्ञान तज्ज्ञाचे होते. ते प्रत्यक्षात आणणारे हात शिकविलेल्या, पण तज्ज्ञ नसलेल्या माणसांचे होते.

आजही अतिदक्षता विभागात डॉक्टर दिवसातून काही वेळा फेरी घालतात. परिचारिका मात्र खाटेपाशीच असते. श्वसनयंत्रावरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण याचसाठी मानले गेले आहे. लघवीचे प्रमाण कमी झाले, श्वासाची गती मिनिटाला वीसवरून तीसवर गेली, रुग्ण काल ओळखत होता आणि आज बरळतो आहे, या खुणा सर्वप्रथम तिलाच दिसतात. प्रश्न असा की, दिसलेल्या खुणेचा अर्थ लावण्याइतके शिक्षण तिला मिळाले आहे काय? आणि अर्थ लागला तरी पुढचे पाऊल उचलण्याची तिला मुभा आहे काय?

गडचिरोलीने दिलेला पुरावा

या प्रश्नाचे एक उत्तर खुद्द गडचिरोलीच्या मातीतून मिळाले आहे आणि ते जगभर वाचले गेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने येथील ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावे निवडली होती. बाळांवर लक्ष ठेवण्याचे आणि उपचाराचे काम गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना दिले. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यावा, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखावीत, तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन केव्हा व किती द्यावे, हे त्यांना काटेकोरपणे शिकविण्यात आले. त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती.

या अभ्यासाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण पूर्वी १६.६ टक्के होते. गावातील आरोग्यसेविकांनी उपचार सुरू केल्यावर ते २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी प्रयोगातील गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तर तुलनेच्या गावांत ५९.६. नवजात मृत्यूंत एकूण सुमारे ६२ टक्के घट झाली. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारतात आशा कार्यकर्तींच्या मार्फत हा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

या यशोगाथेतील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. देशाने गृहभेटी स्वीकारल्या, वजनकाटा स्वीकारला, थर्मामीटर स्वीकारला. सुई मात्र वगळली. राष्ट्रीय कार्यक्रमात आशांना इंजेक्शन देण्याची मुभा मिळाली नाही. बाळाला रुग्णालयात नेणे शक्य नसेल अशा विशिष्ट परिस्थितीत आरोग्यसेविकेने, म्हणजे एएनएमने, जेंटामायसिन द्यावे, असे मार्गदर्शन केंद्र शासनाने २०१४ मध्ये केले. लॅन्सेटमधील लेखानंतर पंधरा वर्षांनी! पुरावा हाती असूनही अधिकार देताना व्यवस्था किती कचरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हेमलकशाचा अनुभवही हेच सांगतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीजही नसलेल्या जंगलात माडिया गोंडांवर उपचार आरंभले. आपल्या विशेष शिक्षणाच्या चौकटीबाहेरच्या अनेक व्याधींवर त्यांना उपचार करावे लागले. कारण पाठवायचे म्हटले तरी पाठविणार कोठे? अरण्यात ‘हे माझे काम नाही’ असे म्हणण्याची चैन कोणालाच परवडत नाही. म्हणूनच ते काम करणाऱ्याला आधी नीट शिकविले पाहिजे.

दोन वर्षांचे निवासी शिक्षण

परिचारिकेला रोगनिदान व उपचाराचे प्रगत शिक्षण देण्याची कल्पना अमेरिकेत १९६५ साली मूर्त रूपात आली. कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी बालआरोग्यासाठी पहिला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या तरुणांना घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’ हा दुसरा अभ्यासक्रम आरंभला. आज तेथील अनेक मोठ्या रुग्णालयांत या दोन्ही व्यावसायिकांना पदवीनंतर अतिदक्षतेचे खास निवासी प्रशिक्षण दिले जाते.

भारतात फिजिशियन असिस्टंटांचे शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाले. हृदयशस्त्रक्रियेनंतर रुग्णावर लक्ष ठेवणारे कुशल सहायक हवेत, ही त्यामागची गरज होती. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याने या व्यवसायाला आपल्या कक्षेत घेतले. हे सहायक आज प्रामुख्याने मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत दिसतात. वनप्रदेशातील सरकारी दवाखान्यापर्यंत ते अद्याप फारसे पोहोचलेले नाहीत.

परिचारिकांसाठी मात्र २०१६ च्या सुमारास एक महत्त्वाची वाट खुली झाली. भारतीय परिचर्या परिषदेने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. बी. एस्सी. नर्सिंग झालेल्या, नोंदणीकृत आणि कामाचा अनुभव असलेल्या परिचारिकेला त्यास प्रवेश मिळतो. वर्गातील शिकवणीपेक्षा रुग्णाच्या खाटेपाशी घालविलेल्या तासांवर त्याचा भर आहे. प्रगत विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, रुग्णतपासणी, श्वसनयंत्राची हाताळणी, रक्तातील वायूंच्या चाचणीचे वाचन, हृदयाच्या अनियमित ठोक्यांची ओळख हे सारे त्यात येते. हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परिचारिकेने रुग्णालयाने आखून दिलेल्या लेखी उपचार-नियमावलीनुसार चाचण्या सांगाव्यात, औषधे द्यावीत आणि उपचारांत बदल करावेत, अशी अपेक्षा आहे. ज्यांना इतका वेळ देणे शक्य नाही त्यांच्यासाठी अतिदक्षता परिचर्येची एक वर्षाची पदविकाही आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नर्स प्रॅक्टिशनरांचा संवर्ग निर्माण करण्याचा उल्लेख आहे.

साधी परिचारिका आणि अशी प्रगत परिचारिका यांच्यात फरक कोणता? एक कल्पित उदाहरण घेऊ. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात घोणस चावलेला रुग्ण आला. डॉक्टर शस्त्रक्रियागृहात प्रसूतीत गुंतले आहेत. सर्वसाधारण प्रशिक्षणाची परिचारिका सलाईन लावील आणि डॉक्टरांची वाट पाहील. प्रगत परिचारिका स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते की नाही हे पाहील; न गोठल्यास नियमावलीनुसार प्रतिविष सुरू करील; प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते हे ठाऊक असल्याने ॲड्रेनॅलिन भरून तयार ठेवील; मूत्रपिंडे निकामी होत आहेत का, हे कळावे म्हणून लघवी मोजत राहील; आणि रुग्णाला पुढे पाठवायचे की नाही याविषयी डॉक्टरांना नेमकी माहिती देईल. औषध दोघींच्याही कपाटात तेच आहे. फरक त्या वाया न गेलेल्या तासाचा आहे.

शंका रास्त आहेत

डॉक्टरांखेरीज इतरांना उपचाराचे अधिकार द्यावेत काय, या प्रश्नावर वैद्यकीय व्यवसायात तीव्र मतभेद आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम ३२ मध्ये ‘समुदाय आरोग्य प्रदाता’ या नावाने मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर आंदोलन केले. ग्रामीण जनतेला दुय्यम दर्जाचे उपचार का, हा त्यांचा सवाल होता. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आदिवासींच्या वाट्याला नेहमी अर्धेमुर्धेच यावे काय?

ब्रिटनमधील अलीकडचा अनुभवही सावध करणारा आहे. तेथे फिजिशियन असोसिएटांची संख्या वेगाने वाढली. रुग्णांना समोरची व्यक्ती डॉक्टर आहे की नाही हेच कळेनासे झाले. २०२५ मध्ये प्राध्यापक जिलियन लेंग यांच्या समितीने या व्यावसायिकांना पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणावे आणि ठरलेल्या नियमावलीखेरीज निदान न झालेल्या रुग्णांना त्यांनी प्रथम तपासू नये, अशा शिफारशी केल्या.

या दोन्ही आक्षेपांतून एकच धडा निघतो. अधिकार द्यायचा तर त्याची सीमा स्पष्ट हवी, देखरेख खरी हवी आणि रुग्णाला समोर कोण आहे हे कळले पाहिजे. गडचिरोलीतील आरोग्यसेविका यशस्वी झाल्या त्या याच तीन गोष्टींमुळे. कोणत्या लक्षणांवर कोणते औषध द्यायचे हे ठरलेले होते, त्यांचे काम तपासले जात होते आणि आपण कोण आहोत हे त्यांनी कधी लपविले नाही. शिवाय येथे निवड डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात करावयाची नाही. मध्यरात्री खाटेपाशी डॉक्टर नसतोच. तेव्हा निवड असते ती शिकलेली परिचारिका आणि न शिकविलेली परिचारिका यांच्यात.

पदवी मिळाली, पद कोठे आहे?

चित्र अगदीच निराशाजनक नाही. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत गडचिरोलीचाही समावेश आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता रुग्णालय कक्ष उभारण्याची योजना आहे आणि त्या निकषात हे दोन्ही जिल्हे बसतात.

परंतु इमारत उभी राहिली म्हणजे अतिदक्षता सुरू झाली असे होत नाही. कोविडच्या साथीत देशातील अनेक जिल्हा रुग्णालयांना श्वसनयंत्रे मिळाली. ती चालविणारे प्रशिक्षित हात नसल्याने कित्येक यंत्रे खोक्यातच पडून राहिली, हे आपण पाहिले आहे.

येथेच खरी अडचण आहे. बहुतेक राज्यांत सरकारी सेवेत नर्स प्रॅक्टिशनर असे स्वतंत्र पद अजून रूढ झालेले नाही. दोन वर्षे घाम गाळून शिकलेली परिचारिका परत आली तर तिला पूर्वीच्याच अधिपरिचारिकेच्या पदावर, पूर्वीच्याच मर्यादांत काम करावे लागण्याची शक्यता अधिक. मग ती नागपूर, पुणे, हैदराबाद किंवा आखाती देशांतील रुग्णालयांकडे वळली, अथवा परिचर्या महाविद्यालयात शिकवू लागली, तर तिला दोष कसा द्यावा? ज्या जिल्ह्याने तिला घडविले त्याच्याच खाटेपाशी ती उरत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. सिरोंच्याहून नदी ओलांडली की तेलंगण लागते. त्या राज्याने २०१७ मध्ये करीमनगरला सरकारी परिचारिकांना प्रसूतिसेवेचे दीर्घ प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. आधीच सेवेत असलेल्या परिचारिकांना निवडायचे, शिकवायचे आणि त्याच व्यवस्थेत परत आणायचे, असा तो मार्ग होता. केंद्रानेही २०१८ मध्ये प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांच्या अशा प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. अतिदक्षतेसाठी हीच वाट धरता येईल. अहेरी, कुरखेडा, एटापल्ली, जिवती येथील, गोंडी, माडिया किंवा तेलुगू बोलू शकणाऱ्या परिचारिकांना सवेतन पाठवावे. प्रशिक्षणाचा काही काळ चंद्रपूर व गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, काही काळ उपजिल्हा रुग्णालयांत घडावा. परतल्यावर स्वतंत्र पद, वाढीव वेतन आणि लेखी उपचार-नियमावली मिळावी. आणि मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ दूरध्वनी व पडद्यावर चोवीस तास उपलब्ध असावा. भाषेचा मुद्दा लहान समजू नये. ‘श्वास घ्यायला त्रास होतो का?’ हा प्रश्न रुग्णाच्या मातृभाषेत विचारला जाणे हाही उपचाराचाच भाग आहे.

कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे

धोरणे ठरण्यास वेळ लागेल. आजार मात्र थांबणार नाही. म्हणून प्रत्येक घराने काही गोष्टी आजच जाणून घ्याव्यात.

नवजात बाळ दूध ओढेनासे झाले, अंग ढिले पडले, रडणे क्षीण झाले, हातापायांना गार लागू लागले, पोट फुगले, किंवा श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक झाले तर सकाळची वाट पाहू नये. आशाताईंना तत्काळ बोलवावे आणि बाळाला छातीशी उबेत धरून दवाखाना गाठावा.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोर बांधू नये. मोडलेल्या हाताला आधार देतो तसा तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालयात जावे. दंशाची वेळ लिहून ठेवावी. मण्यारीचा दंश अनेकदा कळतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीची तक्रार करू लागला आणि त्याच्या पापण्या जड झाल्या, तर सर्पदंशाची शंका घ्यावीच.

तापाच्या रुग्णाला झटके आले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा फार गुंगीत गेला तर मेंदूचा हिवताप असू शकतो. प्रसूतीनंतर एकामागून एक कापडाच्या घड्या भिजत असतील तर तो विटाळाचा नेहमीचा रक्तस्राव समजू नये. उन्हात काम करणारा माणूस तापलेल्या अंगाने बरळू लागला तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

दूरच्या वस्तीवरील गर्भवतीने प्रसूतीच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ‘माहेरघरा’त येऊन राहावे, पावसाळ्यात तर अवश्य. रुग्णाला पुढे पाठविले जात असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी आणि निघण्यापूर्वी चार गोष्टी विनम्रपणे विचाराव्यात: आतापर्यंत कोणते औषध किती वाजता दिले? चिठ्ठीवर नाडी, श्वास, रक्तदाब लिहिला आहे का? पुढच्या रुग्णालयाला फोन केला आहे का? वाटेत रुग्णाकडे कोण पाहणार? या प्रश्नांनी कोणाचा अपमान होत नाही. उलट चांगल्या परिचारिकेला ते आवडतातच.

आणखी एक गोष्ट. अतिदक्षता विभागात उपचार करणारी व्यक्ती डॉक्टर आहे की परिचारिका, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. ती परिचारिका असल्याचे कळले म्हणून ‘मोठ्या डॉक्टरांनाच बोलवा’ असा हट्ट धरून तिच्या हातचे पहिले औषध नाकारणे मात्र रुग्णाच्या हिताचे नसते. ग्रामसभेत रस्ता, पूल, मनोरा यांची मागणी आपण करतो. आपल्या रुग्णालयातील किती परिचारिकांना अतिदक्षतेचे शिक्षण मिळाले आहे आणि त्यांना कोणते उपचार करण्याची लेखी परवानगी आहे, हा प्रश्नही तेथे विचारला गेला पाहिजे.

गावातील अल्पशिक्षित स्त्रिया योग्य शिक्षणाने नवजात बाळांचे प्राण वाचवू शकतात, हे जगाला प्रथम दाखविले ते गडचिरोलीने. पदवीधर परिचारिका योग्य शिक्षणाने अत्यवस्थ प्रौढांचे प्राण वाचवू शकतात, हे मान्य करण्यासाठी आता आणखी पंधरा वर्षे घालविण्याचे कारण नाही.